फळीवरचं निळं पाऊल

आये, परवा मी होडीत बसले. नीट बसले, चपला काढून, मधल्या फळीवर, आणि विद्यापीठातल्या चार मुलींना घेऊन भर दिवसा समुद्रात गेले. तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. शिवाय तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा हे लिहिलेलं तुझ्यापर्यंत पोहोचणार कसं, असा प्रश्न मला पडायला हवा. तो पडत नाही. गेल्या दोन महिन्यांत जे जे झालं त्यावरून वाटतं की तुला बहुतेक सगळं ठाऊकच आहे, फक्त माझ्या तोंडून सांगायचं राहिलंय. तोंडाने बोलायचं धाडस होत नाही. घरात एकटीच असते मी. एकटीने बोलायला लागले आणि स्वयंपाकघरातून तू हुंकार दिलास तर काय करू, ही भीती आहे. म्हणून लिहितेय.

तू गेलीस तेव्हा मी तासिकेवर शिकवत होते, आठवतं? आता पालघरला विद्यापीठाच्या केंद्रात पर्यावरणशास्त्राची विभागप्रमुख आहे. त्यावर भर म्हणून समान संधी कक्षाची अध्यक्षाही आहे. मुलींना मुलांइतकीच संधी मिळते का, हे बघायचं काम. कक्ष म्हणजे जिन्याखालची एक खोली, दोन खुर्च्या, भिंतीवर भित्तिपत्रकं आणि दाराशी तक्रारपेटी. दर आठ मार्चला आम्ही रांगोळी स्पर्धा घेतो, विषय समानता. रांगोळ्या मुली काढतात, बक्षीस द्यायला पुरुष येतात, आणि चहाचे ट्रे कोण फिरवतं ते तुला सांगायला नको. पेटीची किल्ली माझ्याकडे असते. आठवड्याला उघडते, आत बहुतेक वेळा चॉकलेटचे कागद निघतात. वरिष्ठ खूश असतात, तक्रार नाही म्हणजे सगळं आलबेल.

आमची मुलं दर हिवाळ्यात समुद्राच्या पाण्याचे नमुने घेतात. तारापूरच्या बाजूला, किनाऱ्यापासून आत, ठरलेल्या सहा जागा. ओहोटी लागली की भाड्याची होडी न्यायची, दोरीला बांधलेली वजनाची बाटली खोल सोडायची, पाणी घेऊन यायचं आणि प्रयोगशाळेत तपासायचं. होडीत मुलगे जातात. मुली खाडीच्या चिखलात गुडघाभर उभ्या राहून काठचं पाणी भरतात आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवतात. विभागाच्या सूचनापत्रात तसं लिहिलेलंच आहे, 'सुरक्षिततेच्या कारणास्तव विद्यार्थिनींनी किनाऱ्यावरील नमुने घ्यावेत.' तेरा वर्षांपूर्वी ते वाक्य मी लिहिलं. कुणी मागितलं नव्हतं. होडीवाल्याने फोनवर सहज विचारलं होतं, "बाया हायत काय बरोबर?" आणि मी एवढ्या घाईने "नाही नाही, एकही नाही" म्हणाले की तोच गप्प झाला. त्याच दुपारी बसून टाइप केलं. मुलींनीही कधी कुरकुर केली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, आणि दिवा लावायचा पगार मी घेत होते.

नोव्हेंबरात पेटीत एक अर्ज निघाला. कागद वहीतला, अक्षर टपोरं, खाली सही. वाणगावच्या पूर्वेकडच्या डोंगरातली मुलगी. घरी थोडी जमीन, ती पावसावरची. भात झोडून झालं की आईबाप वीटभट्टीवर जातात ते होळीपर्यंत. तिने लिहिलं होतं की किनारपट्टीच्या एका अभ्यास प्रकल्पात दोन वर्षांची जागा निघाली आहे, आणि अट आहे ती समुद्रात जाऊन नमुने घेतल्याचा अनुभव. वर्गात चौदा जण, त्यात नऊ मुली, आणि अर्ज भरता येतो फक्त पाच मुलग्यांना. शेवटची तारीख फेब्रुवारीत. मी तिला बोलावून घेतलं. आली, उभीच राहिली.

"पोहता येतं का तुला?" मी विचारलं.

"नाय. पण पोरांतल्या तिघांना पन नाय येत. त्यांना तुमी इचारलं नाय." मग म्हणाली, "आमच्याकडं समुद्र नाय, मॅडम. मला तो बाटलीतून म्हाईत हाय. ही नोकरी लागली तर आय भट्टीवर जायची थांबेल. नियम कुनी केला?"

चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, "विभागाचा आहे. जुना आहे." ती मान हलवून गेली. आये, मला त्या दिवशी स्वतःची जी लाज वाटली तशी पूर्वी कधी वाटली नव्हती. तरी मी नियम काढला नाही. अर्ज कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मॅडम, तुमी पाय धुऊन आल्या काय? आत्ताच पुसलं व्हतं मी." दारापासून माझ्या टेबलापर्यंत ओली पावलं होती. अनवाणी, लहान. टेबलापाशी येऊन थांबलेली, परत गेलेली नाहीत. मी हसून म्हटलं, कुणी विद्यार्थिनी आली असेल. आठवडाभराने पुन्हा, दुपारी, मी तास घेऊन आले तेव्हा. वाळत आलेली होती आणि कडांना पांढरी रेघ धरली होती. मी काय केलं असेल? जे शिकवते तेच केलं. कापसाने एक पाऊल टिपलं, नळीत पाण्यात हलवलं, सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. नळी दुधासारखी पांढरी झाली. म्हणजे मीठ. आता आपल्याकडच्या कूपनलिकेचं पाणीही खारट असतं, तेवढ्याने काही सिद्ध होत नाही, असं मी वर्गात ठणकावून सांगितलं असतं. पण तुझ्या उजव्या पायाचा अंगठा कोयतीखाली येऊन अर्धा तुटलेला होता, आणि फरशीवरच्या उजव्या पावलाला अंगठ्याच्या जागी नुसता ठिपका होता. ती नळी मी धुतली नाही. खूप वेळ हातात धरून बसले.

मग ते सगळं वर आलं जे मी चाळीस वर्षं खाली दाबलं होतं. मी अकरा वर्षांची आहे. बाबांची होडी रंगवून वाळूवर उभी केलीय, आतल्या फळ्यांना निळा रंग, अजून ओला. दुपार आहे, माणसं जेवून आडवी झालीत. आपल्या पाड्यात बाईने होडीला पाय लावायचा नाही. हळद लावायची, नारळ द्यायचा, पण खालूनच. मला फक्त बघायचं होतं की तांडेल मागे बसून होडी हाकतो तिथून समुद्र कसा दिसतो. चढले, एक पाय टाकला, रंग लागला, घाबरून उतरले. घरी तू चुलीपाशी बसली होतीस. माझा तळवा पाहिलास आणि रॉकेलची बाटली काढलीस. चिंधीने घासताना एवढंच म्हणालीस, "कुनाला बोलू नको." रॉकेलने तळवा चरचरत होता. तू मारलं असतंस तर बरं झालं असतं.

तीन दिवसांनी काका गेला. जाळ्याच्या दोरात पाय अडकून पाण्यात ओढला गेला, आणि सापडला तो सातपाटीच्या बाजूला. मी आज हे वाक्य लिहिते तेव्हा मला कळतं की यात दोर आहे, लाट आहे, अंधार आहे आणि माझा पाय कुठेच नाही. पण तेव्हा होडी परत आली आणि जाळी उतरवल्यावर फळीवर ते निळं पाऊल दिसलं, ओल्या रंगात उमटून घट्ट झालेलं, लहान, बाईमाणसाचं. सगळा पाडा वाळूवर जमला. काकूने केस मोकळे सोडले होते. ती म्हणत होती, जिचं असंल तिला भायेर काढा. कुणीतरी म्हणालं, घरोघरच्या बायापोरींचे पाय मोजा. सुतळी आणली. माणसं खरोखर रांग लावायला लागली, आणि मी तुझ्या मागे लपून माझा उजवा पाय वाळूत खुपसत होते, खोल खोल. तेव्हा तू पुढे गेलीस. सगळ्यांच्या देखत होडीत चढलीस, साडी वर खोचून, आणि त्या पावलावर पाऊल ठेवलंस. तुझं पाऊल लहानच होतं, माझ्याएवढं. "माजा हाय," म्हणालीस. पाय उचलला नाहीस. माणसं पांगेपर्यंत तशीच उभी राहिलीस. तिन्हीसांजेला बाबांनी ती फळी तासून काढली.

त्यानंतर तुला कुणी नव्या होडीची हळद लावायला बोलावलं नाही. लग्नात तू मांडवाबाहेर. बोईसरच्या बाजारात आपल्या बायकांनी तुझी पाटी शेजारी टेकू दिली नाही, म्हणून तू कारखान्यांच्या रस्त्याला एकटी बसायचीस आणि मोडक्या हिंदीत कामगारांना बोंबील विकायचीस. मी शाळेतून येताना तुला तिथे बघायचे. माश्या वारत, रस्त्याकडे तोंड करून, शेजारी कुणी नाही. माझी शाळा चालू राहिली, कॉलेज झालं, मी बाई झाले, मॅडम झाले. आपण दोघी त्यावर कधी बोललो नाही. मला वाटायचं तू रागावली आहेस. तू रोज दारात म्हणायचीस, "पाय पुसून ये," आणि मी रोज ते वाक्य शिक्षा म्हणून ऐकलं.

डिसेंबर संपत आला तेव्हा मी होडीवाल्यांना फोन लावायला सुरुवात केली. मुरब्यापासून वर तारापूरपर्यंत सात जणांना. सगळे गोड बोलले. एक म्हणाला, इंजिन बिघडलंय. एक म्हणाला, "पोरांना नेतो की, मॅडम. बायांचा आमच्यात रिवाज नाय, राग मानू नका." मी राग कुठल्या तोंडाने मानू? शेवटी आपल्या पाड्यात गेले, अकरा वर्षांनी. त्या दिवशी सुतळी ज्याच्या हातात होती तो तांडेल अजून आहे. ऐंशीच्या पुढे, डोळ्यांत मोतीबिंदू, ओट्यावर बसून जाळं चाचपत असतो. आता होडी त्याचा नातू चालवतो. मी कोण ते सांगितलं, काय हवंय ते सांगितलं, आणि 'नाही' ऐकायची तयारी करून उभी राहिले.

"ने," तो म्हणाला. नातवाकडे न बघताच म्हणाला, "पोरींना घेऊन जा रं."

मी विचारलं, "तुम्हाला चालेल? त्या दिवशी तर तुम्हीच..."

"त्या दिशी मी पाय जवळून बगला व्हता, बाय. पयला मीच चढलो व्हतो. फळीवरचा आंगठा पुरा व्हता." तो जाळं चाचपत राहिला. "तुज्या आयचा आंगठा आरदा. सगळ्या पाड्याला ठावं व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"ती बोलली माजा. मी 'तुजा नाय' बोललो असतो तर पोरींच्या पायांना सुतळी लागली असती. मंग तुजी शाळा काय ऱ्हायली असती?" मग म्हणाला, "आमाला कुनीतरी पायजे व्हता. ती आली. आमी घेतली."

आये, मी मोजमाप शिकवते. एक मिलिलिटर चुकला तर मुलांचे गुण कापते. आणि चाळीस वर्षांत मला सुचलं नाही की तुझा अंगठा त्या पावलात बसणार नव्हता. सगळ्यांना दिसलं होतं. फक्त मला नाही. घरी येताना रिक्षात मी रडले, रिक्षावाल्याने आरसा वळवला तरी थांबता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सूचनापत्रातलं वाक्य काढलं. मुलीला बोलावून सांगितलं की होडी ठरली आहे, आणि हेही सांगितलं की तो नियम मीच केला होता. मला वाटलं होतं, केवढं मोठं काहीतरी कबूल करतेय. ती म्हणाली, "ठाव हाय, मॅडम. खाली तुमची सही हाय." मग खुर्चीत बसली आणि विचारायला लागली की बाटली खोल गेल्यावर बूच कसं ओढायचं.

परवा सकाळी धुकं होतं, जानेवारीत असतं तसं, पण दाट. ओहोटी लागलेली. चार मुली, दोन मुलगे, मी आणि नातू. सगळ्यांनी नारिंगी जॅकेटं घातली होती, मुली पंजाबी ड्रेसमध्ये, मीही. पाय टाकताना मी क्षणभर थांबले. मुली थांबल्या नाहीत. डोंगरातली ती मागे इंजिनापाशी जाऊन बसली कारण बाटली तिथूनच सोडायची होती. म्हातारा काठीवर किनाऱ्यापर्यंत आला होता. होडी सुटल्यावर त्याने नातवाला हाक मारली, "मागं बसलेल्या बाईला सांग, पदर आवर. इंजिनात जाईल."

आमच्यात कुणाच्या अंगावर साडी नव्हती. नातू हसला. "आजोबाला दिसत नाय, मॅडम," म्हणाला. मीही हसले. पण मी मागे वळून बघितलं नाही. का नाही बघितलं, ते तुला माहीत आहे?

किनारा लगेच गेला. धुक्यात आवाज जवळचे वाटतात आणि माणसं लांबची. तिसऱ्या जागेपर्यंत मला उलट्या सुरू झाल्या. समुद्रकाठची पोर आणि दोन्ही हातांनी होडीची कड धरून ओकतेय, मुलगे तोंड लपवून हसत होते. मागे ती मुलगी आपली पाळी आली की कमरेपासून बाहेर वाकायची, दोर मोजून सोडायची, झटका द्यायची, ओढायची. चौथ्या जागी लाट आली आणि होडी तिच्या बाजूला एवढी कलली की नातू ओरडला. मी डोळे मिटले. मला काका दिसला, खोटं कशाला सांगू. उघडले तेव्हा ती बाटलीचं बूच लावत होती, शांतपणे, आणि मला वास आला. इंजिनाच्या धुरातून, समुद्राच्या वासातून वेगळा, सुकवलेल्या बोंबलांचा आणि रॉकेलचा. इंजिन डिझेलचं होतं. सहाही जागा झाल्या. चारही मुलींनी आळीपाळीने नमुने घेतले, नोंदी झाल्या, त्यावर मी सही केली. काल तिने जागेचा अर्ज भरला. लागेल की नाही ते त्यांच्या हातात. भरता आला, एवढं आपल्या हातात होतं.

तुला हे सगळं सांगायला बसले ते मात्र त्यानंतरच्या एका गोष्टीसाठी. वाळूवर उतरलो, मुली ओढण्या पिळत होत्या, खिदळत होत्या. ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमी कंबर घट्ट धरली व्हती म्हनून वाकता आलं. चौथ्या जागी तर मी गेलीच व्हती." तिने कुडतं जरा बाजूला केलं. जॅकेटच्या खाली, कमरेवर, लाल वळ होते, चार बोटांचे. "हात केवढे गार तुमचे," ती म्हणाली.

मी मधल्या फळीवर होते. तिच्यापासून दोन माणसं पलीकडे. तिने डोळे वर करून माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात एवढा विश्वास होता की मला तो कुणाला देऊन टाकता आला नाही. मी म्हटलं, "हो. मीच धरली होती."

तेव्हापासून ती मला वेगळ्या मानाने हाक मारते. तो मान तुझा आहे, आये. परत करायला हवा हे कळतं. पण मला तो आवडतोय.